रसिकाच्या आवाजात

ज्योत्स्ना उरकुडेला एके काळी आपल्या धाकट्या जावेचा आवाज फार आवडायचा, हे आता शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. रसिका लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या गप्पा ऐकता ऐकता ज्योत्स्नाच्या हातून तव्यावरची भाकर करपायची. आता तोच आवाज खाणीच्या कर्ण्यातून आला, की ती हेल्मेटचा पट्टा उगाच ओढून घट्ट करायची.

वणीच्या पलीकडे बोरगव्हाण नावाचं गाव. गावाच्या उत्तरेला चुनखडीची खाण, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. एकेक पायरी दहा मीटर उंच. पायरीच्या माथ्यावर कडेकडेने ओळीत खोल होल पाडायचे, त्यांत स्फोटाची दारू भरायची आणि समोरचा कडा ढासळवायचा, हे ज्योत्स्नाचं काम. एकोणीस वर्षं ती सुरुंग भरत होती. ब्लास्टरचं सर्टिफिकेट मिळवणारी या खाणीतली ती पहिली बाई. रसिकाने परीक्षा दिली ती तिच्या मागे लागून, आणि शिकली तीही तिच्याच हाताखाली.

होल तपासायची ज्योत्स्नाची रीत सगळ्या खाणीला पाठ होती. आधी पायरीखाली उतरून कड्याचं तोंड डोळ्यांखालून घालायचं. मग वर येऊन आरशाने उन्हाचा कवडसा होलात सोडायचा आणि वाकून बघायचं. मग एक खडा टाकायचा आणि तो कुठे कुठे आपटत गेला ते ऐकायचं. शेवटी लांब लाकडी गजाने तळ ठोकायचा. एवढ्यावर तिला कळे, दगड कुठे घट्ट आहे, कुठे भेग आहे, कुठे मातीचा खिसा आहे. हे कळावंच लागतं. दारूचा जोर नेहमी हलक्या बाजूने बाहेर पडतो. ती बाजू चुकली, तर दगड गोफणीतून सुटल्यासारखे उडतात.

आणि तिचं एक व्रत होतं. पंधरा वर्षांपूर्वी भरताना ती एका मैत्रिणीशी बारशाच्या गोष्टी बोलत राहिली आणि एका होलातला डिटोनेटर जोडायचा विसरली. दुसऱ्या दिवशी ती दारू पोकलेनच्या दाताखाली आली आणि एका माणसाचा डोळा गेला. ज्योत्स्ना चांद्याला महाकालीच्या पायाशी जाऊन बसली आणि बोलून आली, की पहिल्या होलात दारू उतरली की ‘सगळं सुखरूप’चा भोंगा होईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, मनात फक्त तुझं नाव. तेव्हापासून तिने ते मोडलं नव्हतं. भरताना ती खुणा करायची. मूठ म्हणजे घट्ट, उघडा पंजा म्हणजे भेग, बोटं चोळली म्हणजे माती. आणि शेजारी उभी रसिका ते गड्यांना ओरडून सांगायची, “चार नंबर, सहा मीटरवर भेग! दारू कमी घ्या!”

“ताई स्टेशन, मी रेडिओ,” असं ती हसून म्हणायची, आणि ज्योत्स्नाही डोळ्यांनी हसायची.

मग गेल्या वर्षी खाणीत कानोसा आला.

कानोसा म्हणजे एक यंत्र, पण एका जागी नसलेलं. त्याचा एक कान ड्रिलच्या दांड्यात होता. दांडा दगडात उतरताना जसा थरथरे, त्यावरून आतल्या भेगांचं चित्र पडद्यावर उमटे. दुसरा कान गावात, घरांच्या पायांशी पुरलेला. सुरुंगाचा हादरा गावापर्यंत किती पोचतो ते तो मोजत असे. झोका मागे येत असताना त्याला नेमका उलट हात लावला की तो जागीच विरतो ना, तसंच कानोसा एका होलाच्या हादऱ्याला दुसऱ्या होलाच्या हादऱ्याने विरवत असे. त्यासाठी कोणता होल सेकंदाच्या कितव्या हजाराव्या भागात उडवायचा, ते तो ठरवी आणि प्रत्येक होलातल्या बिनतारी डिटोनेटरला कळवी. बोरगव्हाणच्या मांडणीवरची भांडी वाजायची बंद झाली. पूर्वी सुरुंगाच्या वेळी पाचशे मीटरपर्यंत सगळी माणसं हलवावी लागत. आता दीडशे मीटर पुरत.

त्याचा तिसरा कान मात्र माणसांवर होता. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये माइक होता. होलापाशी कोण काय बोललं ते कानोसा टिपून ठेवी. सुरुंग उडाला, की ड्रोन दगडांच्या ढिगाचे फोटो काढी आणि कानोसा ताडून बघे, कुणाचं बोलणं खरं ठरलं. त्यावरून तो प्रत्येकाला आकडा देई. त्या आकड्याला भरवसा म्हणत. पुढच्या वेळी ज्याचा भरवसा जास्त, त्याच्या शब्दाला वजन जास्त. हे आकडे फाटकापाशी मोठ्या पडद्यावर झळकत.

रसिका उरकुडे, ९१.

ज्योत्स्ना उरकुडे, १२.

बारा हा आकडा कानोसा नव्या माणसाला पहिल्या दिवशी द्यायचा. वर्षभरात तो तसूभर हलला नव्हता.

यंत्राला खुणा दिसत नाहीत, हे ज्योत्स्नाला कळत नव्हतं असं नाही. पण फाटकातून आत शिरताना ते दोन आकडे रोज एकाखाली एक दिसायचे, आणि खालचा तिचा असायचा. गडी आता होलापाशी तिच्या हाताकडे बघेनात, रसिकाच्या तोंडाकडे बघू लागले. त्याहून सलायची ती दुसरी गोष्ट. रसिकाही हळूहळू तिच्या हाताकडे न बघता बोलू लागली होती. आणि तिचं बरोबर यायचं.

एका सोमवारी मॅनेजर धोटेसाहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं.

“अभिनंदन रसिकाताई,” ते म्हणाले. “तुमचा कान आता चाळीस खाणींत जाणार. नागपूरच्या केंद्रात तुम्ही बसायचं, तिथून सगळीकडचे होल ऐकायचे. त्याआधी शुक्रवारी इथे एक सुरुंग, पाहुण्यांच्या समोर. मंडप घालू. बटण तुम्ही दाबायचं.”

“आणि ताई?” रसिकाने विचारलं.

“ज्योत्स्नाताईंना आता उन्हातान्हात कशाला? मॅगझिन सांभाळतील. दारूचं कोठार म्हणजे जबाबदारीचंच काम आहे. शुक्रवारचं भरणं तेवढं करून द्या ताई, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही.”

हात. कान रसिकाचा आणि हात आपला. ज्योत्स्ना “बरं जी” म्हणाली आणि बाहेर आली.

संध्याकाळी दिवा लावून ती स्वयंपाकाला लागली. तिचा नवरा दिवाकर सिमेंटच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तो पाटावर बसून लसूण सोलत होता.

“सारं गाव म्हणते, उरकुड्याच्या सुनेनं नाव काढलं,” तो म्हणाला.

“कोणत्या सुनेनं?”

दिवाकरने मान वर केली. “हे पाय, तू त्या यंत्रासंगं बोलत नाईस, तं त्याले काय सपन पडते? देवी काई म्हणत नाई. दोन शब्द बोलून टाक ना.”

“आकड्यासाठी व्रत मोडू?”

“मंग आकड्यासाठी रडू नको.”

“कोण रडते?” ज्योत्स्ना म्हणाली आणि पोळी अशी लाटली की ती पोळपाटाबाहेर गेली. “तिले शिकवलं कोणी? आरसा कसा धराचा तेई मीच दाखवलं. आज मंडपात तिच्यासाठी खुर्ची अन् मी कोठारात कुलपासारखी.”

“तिनं मागतलं का ते?”

“नाई मागतलं, तेच तं! तिले काई मागाच लागत नाई.”

लसणाची सालं दिवाकरने उगाच एका ओळीत मांडली.

शुक्रवारी मंडप उभा राहिला. दीडशे मीटरच्या खुणेच्या जरा पलीकडे, कड्याच्या अगदी समोर, लाल-पांढऱ्या कापडाचा. ज्योत्स्ना पायरीच्या माथ्यावर आली तेव्हा खुर्च्या लागत होत्या. रसिका जांभळ्या साडीवर हेल्मेट घालून पाहुण्यांना काहीतरी समजावत होती. तिचे हात हलत होते. मूठ, उघडा पंजा. पाहुणे हसत होते. आपल्या खुणा तिने पाहुण्यांना गंमत म्हणून दाखवाव्यात, याने ज्योत्स्नाच्या कानशिलात ऊन चढलं. ती तिकडे बघत राहिली, किती वेळ ते तिचं तिलाही कळलं नाही. गडी म्हणाले, “ताई, भरायचं ना?” तिने मान हलवली. पहिल्या होलात दारू उतरली आणि तिचं तोंड मिटलं.

अठरा होल भरून झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते. गजाला लागलेला चिखल पुसताना तिच्या ध्यानात आलं, की आज आपण खाली उतरून कड्याचं तोंड बघितलंच नाही. एकोणीस वर्षांत प्रथमच. मंडपाकडे बघण्यात तेवढं राहून गेलं.

ती उतरली. सात नंबरच्या होलाखाली कड्याच्या पायथ्याशी लोडरच्या बकेटच्या दातांचे ताजे ओरखडे होते. तिथला दगड कमरेइतक्या उंचीपर्यंत आत खरवडून नेलेला. लोडर चालवणारा पुंडलिक तिथेच होता, गाडी बाहेर काढत. ती ओरखड्यांकडे का बघते ते त्याला लगेच कळलं.

“काल सांजच्याला नेलं जी,” तो म्हणाला. “मंडपाखाली भर कमी पडली. सायेब म्हणाले, इथूनच दोन बकेट घे. जास्त नाई नेलं.”

ज्योत्स्नाने टेप लावला. होल आणि मोकळी हवा यांच्यामध्ये साडेतीन मीटर दगड हवा होता. पायथ्याशी जेमतेम दीड उरला होता. आणि कानोशाने हा दगड परवा ऐकला होता, ड्रिल उतरलं तेव्हा. कालचे दोन बकेट त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याच्या हिशेबी सात नंबर घट्ट होता. पण तो फुटणार होता समोरून, आणि समोर लाल-पांढरा मंडप होता. भरलेली दारू आता बाहेर काढता येत नव्हती.

पहिला भोंगा झाला. ज्योत्स्ना आपल्या लोखंडी आडोशाकडे चालू लागली.

ती चालली, हे तिने पुढे कुणापासूनही लपवलं नाही. ती गेली, आडोशात बसली आणि मांडीवर हात ठेवले. तिच्या मनात सगळं नीट लावून ठेवल्यासारखं होतं. आपण मौनात आहोत. पंधरा वर्षांचं व्रत आहे, ते कसं मोडायचं? ऐकणं हे आता यंत्राचं आणि रसिकाचं काम. आपण फक्त हात. दगड उडतील, पण मंडपापर्यंत कशाला पोचतील? अलीकडेच पडतील. पाहुणे घाबरतील, कापड फाटेल. आणि फाटकापाशी तो आकडा एक्याण्णववरून धाडकन खाली येईल. कितीवर येईल? चाळीसवर? तीसवर? लोक विचारतील, उरकुड्याच्या सुनेला कसं कळलं नाही? कोणत्या सुनेला?

सवयीने तिने देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली. ओठ मिटलेले, मनात जप. थोड्या वेळाने तिचं तिलाच ऐकू आलं. आत महाकालीचं नाव नव्हतं. रसिका, रसिका, रसिका, असं चाललं होतं. सकाळपासून. कदाचित वर्षभरापासून.

ज्योत्स्ना उठली. आडोशाबाहेर आली आणि धावत नाही, पण भराभरा, सात नंबरच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

कोण कुठे आहे ते कानोशाला हेल्मेटवरून कळे. कर्ण्यातून त्याचा सपाट आवाज आला. “मोजणी थांबवली आहे. एक माणूस आत आहे. ज्योत्स्ना उरकुडे.”

वॉकीटॉकी खरखरला. “ज्योत्स्नाताई, काय चाललंय?” धोटेसाहेब होते. “बाहेर या. पाहुणे बसलेत.”

तिने बटण दाबलं. ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते. “सायेब, मंडप उठवा. सात नंबर समोरून फुटंल.”

“आवाज ओळखीचा नाही,” कानोसा म्हणाला. “सूचना नोंदवली. वजन शून्य. सात नंबर घट्ट आहे.”

धोटेसाहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघा ताई, तुमची नाराजी मला कळते. सगळ्या खाणीला कळते. मॅगझिनचं आपण सोमवारी पुन्हा बोलू. पण आज असं नका करू. हात जोडतो. दोन माणसं पाठवतोय, त्यांच्याबरोबर बाहेर या.”

सगळ्या खाणीला कळते. आपली आच आपल्याच घरात झाकली आहे, असं तिला वाटत होतं. ती चव्हाट्यावर होती. आता ती काहीही सांगो, लोक म्हणणार, मोठी जाऊ जळते. यंत्राला तिचा आवाज माहीत नव्हता आणि माणसांना नको इतका माहीत होता. वजन एकाच आवाजाला होतं.

“रसिका,” ती वॉकीत म्हणाली. “रसिका, ऐकते का?”

वॉकी खरखरला. “ताई? तुमी बोलल्या?”

“काल दोन बकेट दगड नेला पायथ्याचा. दीडच मीटर उरला. यंत्राले ठाऊक नाई. तू सांग त्याले. तुझंच ऐकते ते.”

“ताई…” रसिकाचा आवाज एकदम लहान झाला. मंडपातला गलबला मागे ऐकू येत होता. “रागावू नका. एक विचारते. खरं सांगा. माझा आजचा दिवस बिघडवाचा म्हणून तं नाई ना?”

दोन माणसं कड्याकडे येताना दिसत होती. ज्योत्स्नाने डोळे मिटले.

“बिघडवाचाच होता,” ती म्हणाली. “म्हणून तं इतका वेळ गप होती. हे पायलं, मोजलं अन् आडोशात जाऊन बसली. व्रताचं नाव केलं. तुझा आकडा पडताना पाहाचा होता मले. आता सांगते, कारण आता नाई पाहाचा. मंडप उठव, पोरी.”

मग कर्ण्यातून, साऱ्या खाणीवरून, तो लख्ख आवाज आला. “कानोसा, रसिका उरकुडे बोलते आहे. सात नंबर पायथ्याशी पोकळ. समोरून फुटेल. मंडप पूर्ण रिकामा करायचा. पाचशे मीटर.”

“सूचना मान्य,” कानोसा म्हणाला. “वजन एक्याण्णव. पाचशे मीटर रिकामे होईपर्यंत मोजणी होणार नाही.”

दुपारी पावणेदोनला सुरुंग उडाला. सतरा होलांनी कडा शहाण्यासारखा खाली बसवला. सात नंबरने मात्र पायथ्यातून धुराची जीभ बाहेर काढली आणि तिच्याबरोबर दगड निघाले. लाल-पांढरं कापड तीन ठिकाणी फाटलं. डोक्याएवढा एक दगड पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीतून आरपार जाऊन जमिनीत रुतला. खुर्चीच्या पाठीवर चिकटवलेला ‘श्रीमती रसिका उरकुडे’ हा कागद तेवढा शाबूत होता.

संध्याकाळी फाटकापाशी आकडे बदलले. रसिका, ९४. ज्योत्स्ना, १२. अनोळखी आवाजाची सूचना खरी ठरली खरी, पण अनोळखी आवाजाच्या नावे आकडा लिहायची सोय कानोशात नव्हती.

रसिका घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात. साडी धुळीने माखलेली.

“सायबाले सारं सांगितलं,” ती म्हणाली. “वर्षभर कान तुमचे होते अन् तोंड माझं. पयल्या चार महिन्यांतलं एकेक वाक्य तुमच्या हाताचं. मंग मले वाटलं, मलेई येते. येतेई थोडं. पण चाळीस खाणी? नागपूरले जाऊन मी काय बोलू? मी नाई म्हणून सांगितलं.”

आता हा मोठेपणाही हिनेच घेतला, असं ज्योत्स्नाच्या मनात आलंच. ते आलं हे तिने बघितलं. चहाचं आधण उकळत होतं. तिने त्यात साखर टाकली.

“मी काय सांगितलं तेई सांगितलं का सायबाले?” तिने विचारलं. “आडोशात बसली होती ते?”

“नाई. ते आपल्या घरचं.”

“उद्या मी सांगते त्यांले,” ज्योत्स्ना म्हणाली. “त्यात जीव गेले असते. ते घरचं नाई.”

तिने सांगितलं. धोटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मंडपाखाली तिथलाच दगड न्यायला आपण सांगितलं होतं, हे त्यांनाही सांगावं लागलं. चौकशी झाली. ज्योत्स्नाला तीन महिने कामावरून बसवलं. त्या तीन महिन्यांत ती चांद्याला जाऊन आली. मोडलेल्या व्रतापायी तिने अकरा मंगळवार धरले, आणि देवीपुढे बसून एवढंच म्हणाली, की आई, आता भरताना बोलत जाईन. जे दिसेल तेवढंच बोलेन.

ती कामावर परत आली तेव्हा मॅगझिनचं नाव कुणी काढलं नाही. दिवस थंडीचा होता. पायरीवर चौदा होल होते. तिने आधी खाली उतरून कडा बघितला, वर आली, आरसा धरला, खडा टाकला. रसिका शेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत. गडी दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

“एक नंबर,” ज्योत्स्ना हेल्मेटच्या माइकात म्हणाली. आवाज घोगरा आणि नको तितका मोठा निघाला. “चार मीटरवर माती. खाली घट्ट.”

“आवाज नवा आहे,” कानोसा म्हणाला. “नाव सांगा.”

“ज्योत्स्ना दिवाकर उरकुडे.”

“नोंद केली. भरवसा, बारा.”

रसिकाला हसू आवरेना. “मी चौऱ्याण्णव हाय बरं का ताई. कधी गाठाल मले?”

“दिवाळीपर्यंत,” ज्योत्स्ना म्हणाली. तिला ते मनापासून हवं होतं. आरसा घेऊन ती दोन नंबरच्या होलाकडे वळली.